भावाला स्किझोफ्रेनिया नेमका कशामुळे झाला?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर मॅडम, आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगला होता. गेल्या दिवाळीत घरी आला तो वेगळाच. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, मोबाइल ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवला. एकटाच बसून कुणाला तरी उत्तरं द्यायचा. जेवताना भाकरीचा पहिला घास आईला खायला लावायचा, मगच स्वतः खायचा. सांगलीच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या चालू केल्या. आता तो खूपच शांत आहे, पण ‘मी बरा आहे, गोळ्या बंद करा’ म्हणतो. हॉस्टेलवर दीड वर्ष गांजा ओढत होता, हे त्याच्या मित्राकडून कळलं. घरात रोज एकच वाद. आत्या म्हणते, याच्या वेळी आईने ग्रहणात भाजी चिरली. मावशी म्हणते, दोष तुमच्या घराण्यात, तुमचे चुलत आजोबाही असेच डोकं फिरून गाव सोडून गेले. आई म्हणते, आठव्या महिन्यात झाला, पेटीत ठेवावा लागला, मीच कुठेतरी कमी पडले. मामांनी वैदूकडून सर्पगंधाची मुळी आणली आहे. मी २७ वर्षांची, माझ्या लग्नाचं बघतायत. मला किंवा माझ्या मुलांना हे होईल का? नेमकं कारण एकदा कळलं तर घर शांत होईल.

उत्तर:

ग्रहणाचा निकाल आधी लावून टाकते, तो एका ओळीत लागतो. ग्रहण, विळी आणि भाजी यांचा या आजाराशी काडीचा संबंध नाही. आत्याबाईंना हे पटणार नाही, तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका.

मावशींच्या म्हणण्यात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून तिथे जरा थांबते. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून तो ८० टक्क्यांच्या आसपास निघतो. हा आकडा ऐकून लोक हादरतात, कारण ‘घरात एकाला असेल तर दुसऱ्याला ८० टक्के होणार’ असा त्याचा अर्थ घेतात. तसा तो नाही. हा आजार कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, या फरकातला किती भाग जनुकांच्या फरकातून येतो, एवढंच तो सांगतो. एका माणसाला किती धोका, हे वेगळं बघावं लागतं. एकरूप जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. तरी त्यांच्यातल्या एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३३ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान येतं. म्हणजे जनुकं तीच असूनही निम्मे किंवा त्याहून जास्त जण सुटतात. सख्ख्या भावंडांत हे प्रमाण शंभरात नऊच्या आसपास, आणि सर्वसाधारण माणसात शंभरात एकाच्या आसपास. चुलत आजोबांपर्यंत जाईस्तोवर त्या नात्याला फारसं वजन उरत नाही. शिवाय त्यांना नेमकं काय झालं होतं हे आता कोण सांगणार? कर्जापायी गेले असतील, भाऊबंदकीला कंटाळून गेले असतील. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतोच.

आणि ‘घराण्याचा दोष’ म्हणताना मावशी एक गोष्ट विसरतात. या आजाराचं असं एक जनुक नाही. २०२२ साली सुमारे ७७ हजार रुग्ण आणि अडीच लाखांच्या आसपास निरोगी माणसं यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत या आजाराशी संबंध असलेल्या २८७ जागा सापडल्या. प्रत्येक जागेचा परिणाम चिमूटभर. यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत, गावच्या सरपंचांत आहेत. एखाद्याच्या वाट्याला त्या जास्त संख्येने येतात, इतकंच. आणि तुमच्या भावाची निम्मी जनुकं मावशींच्या माहेरची आहेत.

याला अपवाद आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा जन्मतःच गळालेला असेल तर तेवढ्या एका कारणाने धोका खूप वाढतो, अशांपैकी साधारण चौघांत एकाला पुढे अशा प्रकारचा आजार होतो. पण या मुलांना बहुधा हृदयाचा जन्मजात दोष, टाळूचा दोष, शिकण्यातली अडचण असं काही असतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. ‘रक्त तपासून स्किझोफ्रेनिया होणार की नाही ते सांगतो’ असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा. अशी चाचणी आज कुठेही नाही. मेंदूचा एमआरआय करूनही हे निदान होत नाही, तो दुसरा काही आजार नाही ना हे बघायला करतात.

त्या २८७ जागांपैकी एकीची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल, कारण तुमच्या घरी बाग आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जिथे जोडलेल्या असतात, त्या जोडण्या लहानपणी गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. वयात येताना आणि नंतर पंचविशीपर्यंत मेंदू त्यातल्या बिनकामाच्या जोडण्या काढून टाकतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीला तुमचे वडील काडीवर किती डोळे राखायचे ते बघून कात्री लावत असतील. नवशिक्या गड्याने कात्री जास्त चालवली तर त्या हंगामात वेलीवर घड कमी. सी-फोर नावाचं एक जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्यापासून तयार होणारं प्रथिन एरवी जंतूंवर खूण करून ठेवतं, म्हणजे संरक्षक पेशींना ते गिळता येतात. मेंदूत तेच प्रथिन काढून टाकायच्या जोडण्यांवर खूण करतं. २०१६ साली अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं की या जनुकाच्या ज्या प्रकारांपासून हे प्रथिन जास्त बनतं, त्या प्रकारांच्या माणसांत स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढलेला असतो. ज्या उंदरांत हे जनुकच नव्हतं, त्यांच्या मेंदूत छाटणी कमी झाली.

हा एक धागा आहे, अख्खं कापड नव्हे. तरी पुरुषांत हा आजार बहुधा अठरा ते पंचविशीच्या दरम्यानच का वर येतो, याचं थोडं उत्तर त्यात आहे. बारावीपर्यंत हुशार असलेला पोरगा अचानक असा कसा झाला, हे प्रत्येक घर विचारतं. त्याच्या मेंदूत तयारी बरीच आधीपासून चालू असते.

आता आई. गरोदरपणात आणि जन्माच्या वेळी झालेल्या त्रासाचा संबंध असतो का? असतो. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे भीषण उपासमार झाली. त्या उपासमारीच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुप्पट निघालं. चीनमधल्या १९५९ ते ६१च्या दुष्काळानंतरही असंच दिसलं. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, यानेही धोका थोडा वाढतो. म्हणजे आठव्या महिन्यातला जन्म त्या हिशेबात कुठेतरी असू शकेल. पण वॉर्डातल्या पेटीत ठेवलेल्या बाळांपैकी बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. आणि लवकर कळा येणं हे आईच्या हातात होतं का? तिने काय वेगळं करायला हवं होतं, हे तिला विचारून बघा. उत्तर येणार नाही, कारण ते नाही.

आईला दोष देण्याचं पाप फक्त आत्याबाईंचं नाही, आमच्या शास्त्राचंही आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी मुलाला स्किझोफ्रेनिया जडवणाऱ्या आईची कल्पना मांडली, आणि पुढची दोन-तीन दशकं अमेरिकेतल्या कितीतरी बायका मुलाच्या आजाराबरोबर हा शिक्काही कपाळी घेऊन फिरल्या. तो खोडला गेला तो दत्तक मुलांच्या अभ्यासांतून. ओरेगन राज्यात लिओनार्ड हेस्टन यांनी ४७ मुलांचा माग काढला. त्यांच्या जन्मदात्या आईला स्किझोफ्रेनिया होता, पण जन्मल्यावर तीन दिवसांत त्यांना तिच्यापासून वेगळं करून दुसरीकडे वाढवलेलं होतं. मोठेपणी त्यातल्या पाच जणांना हा आजार झाला. तशाच रीतीने वेगळ्या वाढलेल्या, पण आईला आजार नसलेल्या ५० मुलांत एकालाही झाला नाही. हे १९६६ साली छापून आलं. आजार संगोपनातून आला असता तर हे आकडे असे आले नसते.

घरच्या वातावरणाचा काहीच संबंध नाही, असा याचा अर्थ मात्र नाही. आजार होण्याशी त्याचा संबंध कमी, तो उलटण्याशी जास्त. सतत टोमणे, चिडचिड, किंवा चोवीस तास पाळतीवर असल्यासारखी काळजी असलेल्या घरांत रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडतात, हे लंडनमध्ये आणि आपल्याकडे चंडीगडमध्येही दिसलं आहे. आणि चंडीगडच्या घरांत लंडनपेक्षा टीका कमी आढळली होती, तेव्हा आपल्या लोकांना हे जमतं. कारण शोधण्यासाठी तुमच्या घरात रोज जो वाद होतो, त्याचा भावाला होणारा अपाय त्या कारणाच्या शोधातून होणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा आहे. तो शांत बसलेला असला तरी ऐकत असतो.

त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, ते त्या पहिल्या घासावरून सांगते. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन आहे. समोर येणाऱ्या हजार गोष्टींतली कोणती महत्त्वाची, कुठे लक्ष द्यायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. आजाराच्या भरात मेंदूच्या आतल्या एका भागात ते गरजेपेक्षा जास्त तयार होतं आणि सुटतं. मग साध्या गोष्टींवरही ‘हे महत्त्वाचं आहे’ असा ठसा बसायला लागतो. रस्त्यावरचा हॉर्न आपल्यासाठीच वाजला. भाकरीवरचा करपलेला ठिपका मुद्दाम ठेवलेला. असं दिवसभर झालं की माणूस त्याचा अर्थ लावतो, आणि ‘मला विष घालतायत’ हा अर्थ त्यातून निघतो. तो घास आईवरच्या संशयातून आला असं तिला वाटत असेल. पण घरात ज्या एका माणसाची त्याला खात्री करून घ्यावीशी वाटली, ते माणूस आई होतं, असंही त्याकडे बघता येतं.

आवाजांचंही तसंच. आपण मनात बोलतो तेव्हा ‘हे माझंच आहे’ असा निरोप मेंदू स्वतःला देतो. तो निरोप नीट पोचला नाही तर स्वतःचाच विचार परक्याच्या आवाजात ऐकू येतो, असं मानतात. १९९३ साली लंडनमध्ये आवाज ऐकू येत असताना रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा बोलणं तयार करणारा भाग जास्त काम करताना दिसला. म्हणून ‘असा काही आवाज नाहीये’ हे त्याला सांगून पटत नाही. त्याला तो खरोखर ऐकू येत असतो. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय’ एवढं म्हणा. आणि एक प्रश्न न घाबरता विचारा: आवाज तुला स्वतःला किंवा कुणाला इजा करायला सांगतात का? उत्तर हो आलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

गांजाबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षं माग ठेवला. १९८७ साली निष्कर्ष आले. ज्यांनी पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट दिसलं. इतर घटक वजा केल्यावर तो आकडा बराच खाली आला, पण नाहीसा झाला नाही. गांजा जितका जालीम, जितका रोजचा आणि जितक्या कोवळ्या वयात, तितका धोका जास्त. त्याच्या खोलीतले बाकीचेही ओढत असतील, त्यांना काही झालं नाही, हेही खरं. ज्याच्या मेंदूत तयारी आधीच होती, त्याचा आजार गांजाने अलीकडे ओढला असेल, जास्त तीव्र केला असेल. एकट्या गांजाने झाला असं म्हणता येत नाही. मागचं उकरून त्याला बोलू नका. इथून पुढे मात्र एक झुरकाही नको, त्यात सूट नाही.

‘मी बरा आहे’ हे तो खोटं बोलत नाही. आपण आजारी आहोत हे न कळणं, हे याच आजाराचं लक्षण आहे. बऱ्यापैकी बरा आहे तो गोळ्यांमुळे. एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की सुधारलेल्या रुग्णांपैकी ज्यांचं औषध थांबवलं, त्यांतल्या ६४ टक्क्यांचा आजार वर्षभराच्या आत उलटला. औषध चालू असलेल्यांत ते प्रमाण २७ टक्के होतं. पहिल्या झटक्यानंतर औषध किमान वर्ष-दोन वर्षं तरी चालवतात, पुढचं डॉक्टरांनी ठरवायचं. गोळीवरून रोज भांडण होत असेल तर महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

‘खूपच शांत आहे’ हे तुमचे शब्द मला जरा खटकले. ती शांतता औषधाच्या गुंगीची असेल, उदासीची असेल, किंवा या आजारातच येणारी निरिच्छा असेल: बोलावंसं वाटत नाही, आंघोळ नको, काही करावंसं वाटत नाही. डोपामाइन अडवणाऱ्या गोळ्यांचा या शेवटच्या प्रकारावर फारसा उपयोग होत नाही. त्यात ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्या रसायनाचाही हात असावा. केटामाइनसारखं भुलीचं औषध त्याच्या कामात अडथळा आणतं, आणि निरोगी माणसातही काही काळ भास आणि अशीच निरिच्छा दोन्ही निर्माण करतं. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वजन किती वाढलं, हातपाय ताठरतात का, तेही सांगा, आणि साखर तपासून घ्या. आईसाठी पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या नातेवाइकांच्या गटाची चौकशी करा. तिथे बसलेल्या प्रत्येक आईने स्वतःला हेच प्रश्न विचारलेले असतात.

तुमचं लग्न. बहीण म्हणून तुमचा धोका शंभरात नऊ म्हटला, तरी तो जन्मापासूनचा हिशेब आहे. सत्तावीस वर्षं नीट गेली, म्हणजे त्यातला काही भाग मागे पडला. बायकांत हा आजार जरा उशिरा येतो, म्हणून तो शून्य झाला असं म्हणत नाही. तुमच्या मुलांसाठी, म्हणजे भाच्यांसाठी, तो शंभरात चारच्या आसपास. मूल होऊ देऊ नये असं सांगण्यासारखा हा आकडा नाही. स्थळाला मात्र लपवू नका. पत्रिका जुळल्यावर, सुपारी फुटायच्या आधी, तुम्ही स्वतः मुलाशी बोला. घरच्यांच्या तोंडून ते ‘जरा टेन्शन घेतो’ एवढंच निघेल.

राहिली मामांची मुळी. तिला मी हसणार नाही, कारण तिचा इतिहास मोठा आहे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून सर्पगंधाचा वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर होणारा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा लेख १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात आला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातून काढलेलं रिसर्पिन १९५४च्या सुमारास अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं. पुढे स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी दाखवलं की रिसर्पिनने मेंदूतला डोपामाइनचा साठा रिकामा होतो. १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आलेलं क्लोरप्रोमाझिन हे औषध डोपामाइनलाच अडवत असावं, हा धागाही १९६३ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आला. म्हणजे तुमचा भाऊ आज जी गोळी घेतो, तिचं काम समजण्यात या मुळीचा वाटा आहे.

पण रिसर्पिन मागे पडलं ते कारणाने. ते रक्तदाब फार उतरवतं, माणूस खिन्न होतो, हातपाय ताठरतात. मुळीत ते किती आहे हे वैदूला मोजता येत नाही, आणि चालू गोळ्यांवर ती दिली तर दोन्ही मिळून हा सगळा त्रास वाढेल. तेव्हा ती आज कपाटात ठेवा आणि पुढच्या तपासणीला पुडीत बांधून डॉक्टरांकडे न्या. भावाने ती आधीच घेतली असेल तर किती आणि किती दिवस, ते लपवू नका. मामांनाही सोबत न्या. त्यांना जे विचारायचंय ते त्यांनी तिथेच विचारावं, जेवणाच्या पाटावर नको.